पाठमोरा पंच

"काका, हे छापलेलं नाहीये. हे कुणीतरी पेनानं लिहिलंय. हे कॉपीत येऊ द्यायचं, का वर कागद ठेवून झाकू?" झेरॉक्सवालीनं अगदी सहज विचारलं. सकाळचे सात वाजलेले, दुकानाचं शटर अर्धंच वर गेलेलं, मशीन अजून गरम व्हायचं होतं, आणि होडी-शर्यतीच्या नियमपुस्तिकेच्या नवव्या पानावर तिचा अंगठा टेकलेला होता. निरीक्षकांनी चष्मा कपाळावरून नाकावर आणला. नियम क्रमांक बावीस. 'पंचाच्या नात्यातला स्पर्धक फाटकातून जात असेल तेव्हा त्या पंचाने गुणांकन करू नये. फलक शेजारच्या पंचाकडे द्यावा.' पुढं पूर्णविराम. छापलेला, काळा, ठसठशीत पूर्णविराम. आणि त्याच्या शेजारी समासात निळ्या शाईत, 'व उठून पाण्याकडे पाठ करून उभे राहावे.' "अक्षर तुमचंच दिसतंय की," झेरॉक्सवाली म्हणाली, "मागच्या पानावर पत्ता लिहिलाय ना, तस्संच." तिला काय ठाऊक ती काय बोलून गेली! वजनमापे खात्यात निरीक्षक म्हणून चौतीस वर्षं काढलेला हा माणूस. दुकानदार त्यांना लांबून बघूनच तराजू पुसायला घ्यायचे. त्या माणसाला आज पाव ग्रॅमसुद्धा वजन नसलेल्या एका वाक्यात कुणीतरी रंगेहाथ पकडलं होतं, आणि पकडणारीला पत्ताच नव्हता. "राहू दे तसंच," ते म्हणाले. जिभेला सवयच तशी लागलेली. मग झाकणाखालून हिरवा उजेड पंधरा वेळा इकडून तिकडं गेला आणि पंधरा प्रती गरमागरम बाहेर पडल्या. पंधराही प्रतींत ती ओळ होती, आणि निळ्याची काळी झाल्यामुळं आता ती छापल्यासारखीच दिसत होती.

बसमध्ये खिडकीशी जागा मिळाली. पिशवी मांडीवर. आज मुलाची शेवटची स्पर्धा. छत्तीस वर्षांचा कयाकपटू, खळाळत्या पाण्यात एकट्यानं होडी वल्हवणारा, म्हणजे या खेळात म्हाताराच, आता खांदा कुरकुरतो, हे तो स्वतःच महिन्यापूर्वी जेवताना म्हणाला होता, आणि त्याच्या आईनं पोळी उलटल्यासारखा विषय उलटला होता. तेव्हापासून निरीक्षकांच्या डोक्यात एकच हिशेब घोळत होता, आणि तो कुणाला सांगायची सोय नव्हती. अकरा वर्षं मुलाच्या झाडून सगळ्या स्पर्धांना ते हजर होते. ऊन म्हणू नका, पाऊस म्हणू नका, तापात फणफणत असतानासुद्धा. आणि या अकरा वर्षांत मुलाला पाण्यात त्यांनी एकदाही पाहिलं नव्हतं. एकदाही नाही. लहानपणी पाहिला होता तो पालिकेच्या तलावातला, बोटं सुरकुतेपर्यंत पाण्याबाहेर न येणारा, ज्याला आई बदक म्हणायची. पुढं कॉलेजातला, पालथी झालेली होडी वल्ह्याच्या एका फटक्यात सरळ करायला शिकलेला. त्यानंतर राष्ट्रीय संघ, परदेशातली पदकं, भिंतीवरचे फोटो. आणि मधे ती मुलाखत. आज ते मुलाला बघणार होते का? प्रश्न इतकाच होता. इतका लहान, की बसचं तिकीट फाडता फाडता उत्तर देता यावं. पण त्यांनी त्या तिकिटाचीच बारीक सुरळी करून टाकली.

मुलाखत बारा वर्षांपूर्वीची. मुलगा चोवीसचा. रविवारच्या अंकात अर्धं पान, त्याचा ओल्या केसांचा फोटो, आणि खाली सरळ त्याचे शब्द, 'मी गे आहे. माझा जोडीदार सुतार आहे, जिने बनवतो. आम्ही दोघं तीन वर्षं एकत्र राहतोय. मला लपून वल्हं मारता येत नाही.' निरीक्षकांनी ते सोमवारी ऑफिसात वाचलं, कारण रविवारचा पेपर बायकोनं गादीखाली ठेवला होता. तिला आधीच माहीत होतं म्हणे. सगळ्यांना आधीच माहीत असतं, बाप तेवढा रांगेत शेवटचा. शिपायानं पेपर टेबलावर उघडाच ठेवला होता, आणि चहा ठेवताना तो नको इतका हळू ठेवला. त्या दिवशी ते कुणाशी भांडले नाहीत. घरी येऊनही नाही. तिथंच तर गोम होती. भांडले असते तर मिटलं असतं. ते गप्प झाले. 'थंडी आहे, स्वेटर घाल,' 'गॅसची टाकी आली का,' एवढ्याच बोलण्यावर घर चालायला लागलं. आणि त्याच आठवड्यात, पैसे पुरवणाऱ्या एका कंपनीनं हात काढून घेतलेले, संघातल्या दोघांनी कपाटं बदलून घेतलेली, असं असताना पोरगा पाण्यात उतरला आणि पहिला आला. निरीक्षकांना ते रेडिओवर कळलं. ते स्वयंपाकघरात उभे होते. त्यांना आठवतं, त्यांनी ओट्याची कड दोन्ही हातांनी धरली होती. अंधारात दिवा लावायला जायला घाबरणारं हे पोर! याच्यात हे कुठून आलं? माझ्यातून तर नक्की नाही, असं त्यांना वाटलं, आणि त्या वाटण्यात लाज किती आणि आश्चर्य किती हे त्यांच्या काट्यावर काही केल्या मोजता येईना.

पण मैदानावर जायचं कसं? प्रेक्षकांत बसायचं म्हणजे शंभर डोळे. न जाणं त्याहून वाईट. "जाऊ नका हवं तर," बायको म्हणाली होती, "पण भिंतीकडं तोंड करून बसू नका, मला आजारी माणूस घरात असल्यासारखं वाटतं." मग त्यांनी पंचांची परीक्षा दिली. या खेळात पाण्यावर तारेला टांगलेल्या दांड्यांच्या जोड्या असतात. एकेक जोडी म्हणजे एकेक फाटक. त्यांतून होडी न्यायची, काही उतारानं, काही उलट प्रवाहावर चढून. दांडीला अंग, वल्हं काहीही नुसतं चाटलं तरी दोन सेकंद दंड, फाटक चुकलं तर पन्नास. दर दोन फाटकांमागं काठावर एक पंच, हातात फलक घेऊन. निरीक्षकांना परीक्षेत शंभरपैकी शंभर मिळाले. जाकीट मिळालं, खुर्ची मिळाली. खुर्चीत बसलेल्या पंचाला कुणी 'तुमचा मुलगा ना तो?' असं विचारत नाही. पहिल्या स्पर्धेत बाराव्या-तेराव्या फाटकावर नेमणूक झाली, आणि पुढं तीच जागा कायम झाली. शेजारच्या फाटकावर शाळेत भूगोल शिकवणाऱ्या बाई. मुलाचा क्रमांक पुकारला गेला. नियमाप्रमाणं त्यांनी फलक बाईंकडं दिला. तिथवर ठीक होतं. पण मग वरून होडीचा आवाज यायला लागला, आणि त्यांचे पाय आपोआप उठले आणि आपोआप वळले. काठाकडं तोंड, पाण्याकडं पाठ. "अहो, हे काय?" बाईंनी विचारलं. "नियम आहे," ते म्हणाले. दोनच शब्द. चौतीस वर्षांत एकही खोटा नियम न सांगितलेल्या माणसाच्या तोंडून आलेले, तेव्हा शंका कोण घेणार? संध्याकाळी घरी येऊन त्यांनी पुस्तिका काढली आणि समासात ती ओळ लिहिली. आपल्याच लबाडीला शाई पाजली. पुढं नवे पंच शिकवायचं काम त्यांच्याकडं आलं, मग ती ओळ शिकवली जाऊ लागली. कुणाचा भाऊ उतरला, कुणाची पुतणी उतरली, की पंच उठून पाठ करून उभे. तरुण पंच त्यांना मागून नियमकाका म्हणत, आणि त्यांना ते ठाऊक होतं, आणि आवडायचंसुद्धा.

बस पुलावर थांबली. खाली कालवा, आणि लांब डावीकडं स्पर्धेचा वाहता मार्ग, अजून पंप सुरू न झाल्यानं नुसता ओला सिमेंटचा उतार. पंच झाल्यावर तिसऱ्या वर्षी पेपरात एक फोटो छापून आला होता. पाण्यात मुलगा, तोंड आवळलेलं, आणि वर काठावर जाकीट घातलेले निरीक्षक, पाठमोरे. खाली ओळ, 'बापानं फिरवली पाठ.' गावभर झालं. दूधवाला म्हणाला, जाऊ द्या साहेब, पोरं ऐकत नाहीत. काय उत्तर द्यायचं? पण उत्तर मुलानंच दिलं. दुसऱ्या दिवशी टीव्हीवर त्याला विचारलं तेव्हा तो हसला. "अहो, तो नियम आहे. नात्यातला स्पर्धक असला की पंचाला पाठ करून उभं राहावं लागतं. माझ्या वडिलांइतका नियम पाळणारा माणूस मी बघितला नाही. त्यांना वळावंसं वाटत नसेल का? पण ते वळणार नाहीत. मला त्यांचा अभिमान आहे." बायकोनं पदरानं डोळे पुसले. निरीक्षक उठून मोरीत गेले आणि नळ सोडून उभे राहिले. त्याच दिवशी सांगायला हवं होतं. पण एक दिवस गेला की दुसऱ्या दिवशी सांगणं जड होतं, आणि वर्ष गेलं की जीभच उचलत नाही. मुलाचं खरं जगासमोर उघडं होतं, अर्ध्या पानावर, फोटोसकट. बापाचं खोटं मात्र समासात सुखानं नांदत होतं.

आता एक गोष्ट अशी, जी त्यांनी बायकोलाही सांगितली नव्हती. पाण्याकडं पाठ केली की समोर काठ येतो, आणि काठावर, बरोबर त्यांच्या खुर्चीसमोर, दर स्पर्धेला सुतार उभा असायचा. पहिल्या वर्षी त्यांनी त्याच्याकडं बघणं टाळलं. झाडं बघितली, ढग बघितले, एका माणसाच्या टोपीवरची अक्षरं पाठ केली. पण कान मागं लागलेले, आणि कानाला काय कळतं? पाण्याचा गोंगाट नुसता. मग एकदा नजर सुतारावर गेली, आणि तिथंच खिळली. बाप रे! सगळी फेरी त्या चेहऱ्यावर चालली होती. मुलगा उलट प्रवाहाच्या फाटकात शिरला की सुताराची डावी भुवई चढायची आणि ओठांचा चंबू व्हायचा, रंध्यावरचा भुसा फुंकावा तसा. उतार लागला की मान पुढं यायची. सहाव्या फाटकाला तो श्वास घ्यायचा आणि थेट नवव्याला सोडायचा. दुसऱ्या वर्षापर्यंत निरीक्षकांना तो चेहरा वाचता यायला लागला. घड्याळ न बघता ते सांगू शकले असते, आज दीड सेकंद मागं आहे, आज दहाव्याला दांडी थोडक्यात चुकली. त्यांनी उभ्या आयुष्यात इतक्या निष्ठेनं कुणाच्या चेहऱ्याकडं बघितलं नव्हतं, लग्नात बायकोच्याही नाही. आणि त्यांना थक्क करणारी गोष्ट ही, की एका माणसाचं दुसऱ्या माणसावर इतकं लक्ष असू शकतं. पोटच्या पोरावर आपलं तरी होतं का? हे प्रेम आहे, हे त्यांना कुणी समजावून सांगितलं नाही. कुणी सांगितलं असतं तर ते उठून गेले असते. त्यांनी ते स्वतः वाचलं, फाटकामागून फाटक.

म्हणूनच चार वर्षांपूर्वीचा राग इतका खोल गेला होता. अकराव्या फाटकाखाली होडी पालथी होऊन भिंतीशी अडकली होती. मागून, पलीकडच्या काठावरून, लोकांचा 'आई गं!' असा एकच आवाज उठला. निरीक्षकांनी झटकन सुताराकडं बघितलं. तर तो शांत. भुवई जागच्या जागी. उलट ओठांच्या कोपऱ्यात हसू होतं की काय असा भास. मग काही नाही झालेलं, असं समजून ते उभे राहिले. शिटी वाजली, माणसं धावली, तेव्हा वळले, तर मुलाला काठावर ओढत होते, खांदा निखळलेला, ओठ निळे. वीस-पंचवीस सेकंद तो डोकं खाली घालून पाण्यात होता. आणि हा बाबा उभा राहून हसत होता! माणूस आहे का धोंडा? हॉस्पिटलच्या बाकावर दोघं शेजारी बसले, निरीक्षकांनी त्याला पाणीसुद्धा विचारलं नाही. पुढच्या वर्षी सुतार पुन्हा त्याच जागी उभा. ते पुन्हा त्याच्याकडंच बघत. पण आता त्या चेहऱ्यावर त्यांचा पूर्ण भरवसा उरला नव्हता, आणि ज्या काट्यावर भरवसा नाही त्यावर रोज तोलत राहण्याचा त्रास काय असतो, तो त्यांनाच ठाऊक.

मैदानावर पोचले तेव्हा पंप सुरू झाले होते. पाणी वरून फेसाळत सुटलं होतं आणि त्याच्या धडधडीनं काठावरची रेलिंग थरथरत होती. भूगोलाच्या बाई खुर्चीवर टोपी ठेवून उभ्या होत्या. "आणल्या का प्रती? नव्या पोरांना द्यायच्यात." निरीक्षकांनी पिशवी उघडली नाही. "बाई, त्यात एक चूक आहे." "तुमच्या कागदात? चूक?" त्या हसायलाच लागल्या. "बावीस नंबरात. पाठ फिरवायचं कुठं लिहिलेलं नाही. ते मी घातलंय. तो नियमच नाही." बाईंचं हसू हळूहळू उतरलं. त्यांनी पिशवी ओढली, एक प्रत काढली, वाचली, मग आपल्या जुन्या, पाण्यानं फुगलेल्या पुस्तिकेशी पडताळली. "अहो, दोन वर्षांमागं माझा भाचा उतरला होता," त्या म्हणाल्या. "पहिल्यांदाच. मी दीड मिनिट त्या झुडपाकडं बघत उभी राहिले. बहीण मला म्हणाली, कसा खेळला गं? मी काय सांगणार होते? कप्पाळ!" निरीक्षक खाली मान घालून उभे राहिले. आयुष्यभर दुकानदार त्यांच्यापुढं असे उभे राहायचे. "माझं चुकलं," ते म्हणाले. "चुकलं म्हणजे? चांगलंच चुकलं! आता काय करणार आहात?" "आज बघायचं म्हणतोय." बाईंनी त्यांच्याकडं नीट पाहिलं, त्यांचा राग अर्ध्यावरच थांबला, आणि त्या म्हणाल्या, "बघा. पण तो बिचकेल हां. अकरा वर्षं त्याला इथं तुमची पाठ दिसतेय."

हेच तर बायकोही म्हणाली. ती काठावर सुताराशेजारी घडीच्या खुर्चीत बसली होती, मांडीवर थर्मास, डब्यात ब्रेड आणि उकडलेली अंडी. निरीक्षकांनी काही लपवलं नाही. नियमाचं, समासाचं, आज बघणार असल्याचं, सगळं एका दमात सांगून टाकलं, सुतारासमोरच. बायको बराच वेळ अंड्याचं टरफल सोलत राहिली. "मला वाटलंच होतं," ती शेवटी म्हणाली. "तुमच्याइतका नियमाला धरून चालणारा माणूस नियमाचा नंबर न सांगता नुसतं 'नियम आहे' म्हणतो? पण म्हटलं, असू दे, तेवढ्या निमित्तानं येतायत तरी." मग तिनं सोललेलं अंडं डब्यात परत ठेवलं. "पण आज काही नवं करू नका. शेवटचा दिवस आहे त्याचा. तुमची पाठ दिसली की त्याला कळतं, आता पाचच फाटकं उरली, जोर लावायचा. तो मला सांगतो ना सगळं. तुमचं तोंड दिसलं आणि हात चुकला तर? तुमच्या एका बघण्यापायी पोराची फेरी जायची." निरीक्षक मनात तोलायला लागले. स्वतःच्या मनासाठी बघायचं की मुलासाठी पाठ करायची? आजवर पाठ केली ती तरी कुठं त्याच्यासाठी केली होती? तेवढ्यात सुतार बोलला. त्याचा आवाज त्यांनी इतक्या जवळून क्वचितच ऐकला होता. "बाबा, तुम्ही माझ्याकडं बघत असता ना? त्याच्या फेरीला?" निरीक्षकांचे कान तापले. "तुला माहीत होतं?" "म्हणून तर मी तिथंच उभा राहतो. खालून जास्त चांगलं दिसतं खरं तर. पण तुम्हाला दुसरं काही दिसत नाही, म्हटलं निदान माझं तोंड तरी नीट दिसावं." मग त्यानं रेलिंग धरली. "फक्त एकदा मी तुम्हाला खोटं दाखवलं. खांदा निखळला त्या दिवशी. तुमच्या छातीचं दुखणं तेव्हा नुकतंच निघालं होतं. तुम्ही माझ्याकडं बघताय हे मला दिसत होतं. मी तोंड वेडंवाकडं केलं असतं तर तुम्ही तिथंच पडला असतात. म्हणून धरून ठेवलं." "आणि मला स्वतःच्या मागं ओढून माझा हात धरला होता," बायको म्हणाली, "दोन बोटं आठवडाभर सुजलेली होती. तुम्हाला सांगितलं, डब्याच्या झाकणात चिमटली."

निरीक्षकांना पाण्याचा आवाज एकाएकी फार मोठा वाटायला लागला. आपण चार वर्षं ज्याला धोंडा म्हणत होतो, त्यानं स्वतःचा जोडीदार पाण्याखाली गुदमरत असताना आपल्यासाठी भुवई जागच्या जागी ठेवली होती. एका म्हाताऱ्यासाठी, ज्यानं त्याला पाणी विचारलं नाही. असं माणूस करू शकतो? आणि आपल्या पोरानं असा माणूस शोधून काढला, चोविसाव्या वर्षी त्याच्याविषयी जगाला सांगितलं, आणि आपण झाडं बघत होतो! त्यांचे डोळे भरून आले, ते त्यांनी लपवले नाहीत. "मी बघू का रे?" त्यांनी विचारलं. बायकोला नाही, बाईंना नाही, सुताराला विचारलं. सुतारानं ओठांचा चंबू केला. मग म्हणाला, "बिचकेल तो. बिचकला तर बिचकू दे. बघा."

बारा वाजून दहा मिनिटांनी मुलाचा क्रमांक पुकारला. निरीक्षकांनी फलक बाईंच्या हातात दिला. उभे राहिले. पाय सवयीनं वळायला लागले, त्यांनी खुर्चीची पाठ धरून पाय थोपवले. वरच्या वळणाआड शिटी झाली. आधी नेहमीसारखा आवाज आला, कानाला तोंडपाठ असलेला. आणि मग त्या आवाजातून होडी बाहेर पडली. केवढीशी होती! इतक्या वर्षांत मनात त्यांनी ती केवढी मोठी करून ठेवली होती, आणि ही तर दाराच्या फळीएवढी, आणि तीत कमरेपर्यंत बसवलेला त्यांचा मुलगा. पाणी चहूबाजूंनी त्याच्यावर तुटून पडत होतं आणि तो घरच्या खुर्चीत बसावं तसा बसला होता. सहावं फाटक, सातवं. वल्ह्याचं पातं पाण्यात रोवून तो क्षणभर थांबला, आणि त्या रोवलेल्या पात्याभोवती अख्खी होडी गर्रकन फिरून प्रवाहावर वर चढली. वर! एवढ्या पाण्याच्या विरुद्ध! कुठं धडपड नाही, झटापट नाही, पाणी कुठं ढिलं पडणार हे पाण्याच्याही आधी त्याला कळत होतं. आठव्याला त्यानं खांदा असा काढून घेतला की दांडी आणि गळा यांत बोटभर अंतर राहिलं, आणि दांडी हलली नाही. याला सूक्ष्म म्हणतात. निरीक्षकांनी सोनारांच्या काचेच्या पेटीतले तराजू तपासले होते, श्वासानं हलणारे, पण असलं माप त्यांनी पाहिलं नव्हतं. हे आपलं पोर आहे? हे करत होता होय हा अकरा वर्षं आपल्या पाठीमागं? सुताराचा चेहरा खोटा नव्हता, पण काय तो चेहरा, हे त्याच्या कितीतरी पट होतं. चेहऱ्यात कसं मावलं असतं! दहावं. अकरावं, भिंतीजवळचं, खांदा निखळला होता तेच, आणि मुलगा भिंतीला हात लावून जावं इतक्या सहजपणे तिथून निघाला. त्यांना ओरडावंसं वाटलं. ओरडता येईना.

आणि मग बारावं फाटक आलं, त्यांचं. मुलानं मान वर केली, जिथं नेहमी पाठ असते तिथं बघितलं. पाठ नव्हती. एक क्षण, पुरता एकही नसेल, दोघं एकमेकांकडं बघत राहिले. मुलाचा चेहरा पाण्यानं निथळत होता आणि एकदम लहान झाला, तलावातल्या पोरासारखा. वल्हं अर्धा क्षण उशिरा पडलं. होडी गेली फाटकातून, पण डावं कोपर लागलं, आणि हिरवी दांडी इकडून तिकडं, इकडून तिकडं झुलत राहिली. बाईंनी मुकाट्यानं 'दोन'चा फलक वर केला. त्यांचं काम त्यांनी चोख केलं. तेरावं त्यानं नीट काढलं, चौदा, पंधरा, सोळा, सतरा, आणि खाली घंटा वाजली. खालच्या मोठ्या फलकावर वेळ लागली. दंड धरून पाचवा. दंड नसता तर दुसरा. काठावर बायकोनं कपाळावर हात मारून घेतलेला त्यांना दिसला.

खेळाडूंना होडी खांद्यावर घेऊन पंचांच्या मागच्या पायवाटेनंच वर जावं लागतं. मुलगा आला. होडीतून पाणी गळत होतं, बुटांतून पचपच आवाज येत होता. तो त्यांच्या खुर्चीजवळ थांबला. बाई झुडपाकडं बघायला लागल्या. निरीक्षकांना खूप काही म्हणायचं होतं. बारा वर्षांचं साठलेलं होतं. पण तोंडातून निघालं ते हे, "लागलं. डावं कोपर. हिरव्या दांडीला."

"म्हणजे बघितलंत," मुलगा म्हणाला.

"बघितलं. सगळं."

"आणि नियम?"

"तसा नियम नाही. कधीच नव्हता. मी लिहिला होता, पेनानं. मला तुझ्याकडं बघायचं धैर्य नव्हतं, म्हणून." त्यांनी खुर्चीची पाठ घट्ट धरली. "तू टीव्हीवर माझी बाजू घेतलीस, तेव्हाही मी गप्प बसलो."

होडीचं टोक मुलाच्या खांद्यावर किंचित हलत होतं. त्यानं ती सावरून घेतली, आणि निरीक्षकांना वाटलं, आता हा न बोलता निघून जाईल, आणि गेला तर तेही बरोबरच आहे. "अकरा वर्षं," तो म्हणाला. "मी लोकांशी भांडलो तुमच्यासाठी. लाज नाही वाटली?"

"वाटली. रोज वाटली."

त्यानं होडी खाली गवतावर ठेवली. ओल्या हातानं तोंड पुसलं, ते पुन्हा ओलंच झालं. मग वडिलांच्या तोंडाकडं तो बघत राहिला, आणि बघता बघता त्याच्या ओठांचा एक कोपरा आवरता आवरेना. "दोन सेकंद गेले तुमच्यामुळं. तोंड दिसलं म्हणून नाही. ते कसं होतं म्हणून. एवढा मोठा आ वासून उभे होतात तुम्ही. मला हसू आलं, आणि कोपर लागलं." त्यानं होडी पुन्हा उचलून खांद्यावर घेतली. "पाऊण तासानं दुसरी फेरी आहे. दोन्हींतली चांगली धरतात. इथंच उभे राहा, इकडंच तोंड करून. फक्त तोंड मिटून बघा."

"ते नाही जमायचं," निरीक्षक म्हणाले.